आंबेजोगाईहून पालवा बंदरास

प्रवासास निघालेल्या माणसाला आमच्याकडील जुनी मंडळी 'कोठे जाणार?' यापेक्षा 'उतरणार कोठे?' हे अगोदर विचारीत. उतरण्याची जागा ठरली की निम्मा प्रवास झाला, असा त्यांचा हिशेब असे. काशीस गेले तर उपाध्यायांचे घर, पंढरीस एखाद्या ओळखीच्याचा वाडा, पुण्यामुंबईस मावशी नाहीतर आत्या. पैसे देऊन परक्याच्या घरी निजायचे, ही कल्पना त्या पिढीस सहसा शिवत नसे. हल्ली हे सारे पालटले आहे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आता आप्तांच्या घरी न उतरता हॉटेलात उतरतात, आणि त्यांत कोणास वावगे वाटत नाही. वाटू नयेच, परंतु या बदलात आपण काय मिळविले आणि काय घालविले याचा जमाखर्च कोणी तरी मांडावयास हवा. आमच्या घरी तो मांडण्याचा प्रसंग गेल्या हिवाळ्यात आला. तो प्रसंग, आणि त्यानिमित्त घडलेला आमचा प्रवास, येथे सांगावयाचा आहे.

आमचे गाव बीड जिल्ह्यातील आंबेजोगाई. बालाघाटच्या डोंगरावर, जयंती नदीच्या काठी वसलेले हे गाव वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल, कारण कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी येथेच नांदते. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी येथे आहे, दासोपंतांचीही आहे. निजामाच्या अमदानीत याच गावास मोमिनाबाद म्हणत. १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ येथील शाळेत आले, आणि पुढे मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाची पुष्कळशी माणसे त्या शाळेच्या अंगणातूनच बाहेर पडली. देवीची कथा अशी सांगतात की, ती परळीच्या वैजनाथाशी विवाह करावयास कोकणातून निघाली, परंतु मुहूर्त टळला; लग्न राहिले आणि देवी येथेच कुमारिका म्हणून राहिली. वऱ्हाडाची शिळा झाली, असेही लोक सांगतात आणि हत्तीखान्याच्या लेण्यातील दगडी हत्ती पुरावा म्हणून दाखवितात. म्हणजे आमच्या गावची मुख्य देवताच मुळी दूरदेशाहून आलेली आणि परत न गेलेली पाहुणी आहे. असल्या गावात पाहुण्याला नाही म्हणणे कोणास जमावे?

आमचे घर पुजाऱ्यांचे नव्हे. परंतु ते देवळाच्या वाटेवर असल्यामुळे मार्गशीर्षातील उत्सवास आणि नवरात्रास आमच्या ढेळजेत वळकट्या पडलेल्या नाहीत, असे वर्ष आम्हांस आठवत नाही. वाडा मराठवाडी बांधणीचा आहे: खाली काळ्या दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीच्या हात-हात रुंद भिंती, मध्ये चौक, चौकाभोवती सागवानी खांबांच्या ओसऱ्या, भिंतीच्या पोटात धान्याची बळदे, आणि माथ्यावर मातीचे माळवद. माळवदास ठेवलेल्या सवण्यांतून उजेडाचे कवडसे माजघरात पडतात. वैशाखात बाहेर अंग भाजत असता माजघरात घागरीतले पाणी गार राहते. या घरात उतरलेल्यांपैकी किती जण नात्याचे आणि किती बिननात्याचे, याची मोजदाद आमच्या वडिलांनी कधी ठेविली नाही.

परंतु वाडा म्हातारा झाला. माळवदाला दर उन्हाळ्यात नवी माती लागते आणि ती बडवून बसविणारे हात आता मिळत नाहीत. दोन पावसाळे पश्चिमेची ओसरी गळत होती. घरात वाटेकरी पाच; त्यांतले तीन परगावी. अशा वेळी घरोघर जे होते तेच आमच्याकडे झाले. थोरल्या बंधूंचे मत, जागा विकून मोकळे व्हावे. मुंबईस नोकरीस असलेल्या पुतण्याचे मत, वाड्याची डागडुजी करून त्याचे जुन्या थाटाचे हॉटेल करावे. शहरातील लोकांस असल्या घरात राहण्याची हौस आहे व ते त्यासाठी चांगले पैसे मोजतात. आमच्या काकूंचे मत एकाच वाक्याचे होते: "या घरात जेवलेल्याला कधी हिशेब दिला नाही, आता देणार का?" काकूंनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांच्या वाट्याची सही झाल्यावाचून काहीच होणार नव्हते.

पुतण्या मोठा युक्तिबाज. तो म्हणाला, "काकूआजी, हॉटेल म्हणजे खानावळच असे तुम्ही धरून बसला आहात. एकदा सगळ्यांत मोठे हॉटेल डोळ्यांनी पाहा आणि मग नाही म्हणा." त्याने आपल्या पगारातून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील दोन खोल्या दोन रात्रींसाठी घेतल्या. एका रात्रीचे भाडे ऐकून थोरल्या बंधूंनी आकडा दोनदा वदवून घेतला. तेवढ्यात आमच्या गावी एका बिऱ्हाडाचा महिना सुखाने निघतो. काकू जावयास कबूल झाल्या त्या एका अटीवर: दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर राहील.

रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीने आम्ही निघालो आणि सकाळी बोरीबंदरास उतरलो. तेथून हॉटेल जवळच आहे. इंग्रज ज्यास अपोलो बंदर म्हणत, त्यास जुने मराठी मुंबईकर पालवा म्हणत. आज तेथे गेले की प्रथम गेटवेची कमान डोळ्यांत भरते आणि हॉटेल तिच्या मागे बांधले असावे असे वाटते. वस्तुतः क्रम उलटा आहे. हॉटेल उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी; कमान पुरी झाली १९२४ साली. पहिली वीस वर्षे बोटीने येणाऱ्या उतारूस समुद्रावरून दिसे तो हॉटेलाचा घुमट.

हे हॉटेल जमशेटजी टाटांनी बांधले. त्यांच्या डोक्यात त्या वेळी लोखंडाचा कारखाना होता, विज्ञानाचे विद्यापीठ होते, पाण्यापासून वीज होती. या सर्वांच्या जोडीला हॉटेलाचे नाव निघाले तेव्हा त्यांच्या बहिणीने, आता भटारखानाही काढणार की काय, अशा अर्थाचे काही विचारले, असे सांगतात. ही आख्यायिका आम्ही काकूंस सांगितली तेव्हा त्या समाधानाने म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्याही घरी माझ्यासारखी कोणी होती." जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले. हॉटेल उघडल्यानंतर त्यांस पुरते सहा महिनेही लाभले नाहीत.

मराठी वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट या इमारतीच्या पायात आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. हिचा मूळ नकाशा सीताराम खंडेराव वैद्य या मराठी स्थापत्यविशारदाने, डी. एन. मिर्झा यांच्यासह तयार केला. काम पुरे होण्यापूर्वीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज गृहस्थाने ते तडीस नेले. गावगप्पा अशी आहे की, इमारत चुकून पाठमोरी बांधली गेली आणि त्या धक्क्याने तिच्या विलायती शिल्पकाराने जीव दिला. या गप्पेत तथ्य नाही. पूर्वी प्रवेशद्वार पश्चिमेस, शहराच्या अंगास होते आणि गाड्या तिकडून येत. आता त्या जागी पोहण्याचा तलाव आहे आणि दार समुद्राकडे फिरले आहे. खरा शिल्पकार विसरला जावा आणि खोट्याची शोकांतिका लोकांच्या तोंडी राहावी, हा कीर्तीचा न्याय मोठा चमत्कारिक खरा!

इमारतीचा थाट पौर्वात्य आहे असे म्हणतात. मध्ये मोठा तांबूस घुमट, कोपऱ्यांस लहान घुमट, राजपुती आणि गुजराती धर्तीचे सज्जे, अरबी वळणाच्या कमानी, आणि या सर्वांखाली युरोपियन पद्धतीच्या ओळीने मांडलेल्या खिडक्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी अमलात ही मिश्र पद्धत रूढ झाली. मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस आणि वस्तुसंग्रहालय पुढे याच कुळातून निपजले. आत तर सारे जग एकत्र आणलेले होते: उद्वाहक जर्मनीचे, पंखे अमेरिकेचे, स्नानगृहे तुर्की धर्तीची, बटलर इंग्लंडचे. आम्ही पूर्वेकडीलच माणसे; तेव्हा हा पूर्वेचा देखावा कोणासाठी मांडला आहे, असा प्रश्न आमच्या मनात आला. विलायतेहून आलेल्या पाहुण्यास आपण पूर्वेस पोहोचलो असे वाटावे, आणि तरी त्याची सोय विलायतेसारखी व्हावी, असा हा दुहेरी बेत होता. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र पूर्वेचा घुमट उचलून नेता येतो, तसा पूर्वेचा उंबरठा नेता येत नाही. तो तेथे आहे की नाही, हेच आम्हांस पाहावयाचे होते.

आत गेल्यावर प्रथम दृष्टी ठरते ती मधल्या जिन्यावर. घुमटाच्या पोकळीत हा जिना खांबांच्या आधारावाचून मजल्यामागून मजले चढत जातो. थोरल्या बंधूंनी आपला सारा जन्म बांधकाम खात्यात काढला आहे. ते त्या जिन्याखाली उभे राहिले ते पाव तास हललेच नाहीत. "याचा भार भिंतीने पेलला आहे," एवढेच ते अखेर म्हणाले. परंतु वाडा विकण्याचा विषय त्या दिवशी त्यांनी पुन्हा काढला नाही, हे आमच्या लक्षात आले.

खोलीची खिडकी समुद्रावर उघडत होती. समोर कमान, पलीकडे नांगरलेल्या बोटी. याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण बोटीत चढली. त्या दिवशी आमचा बीड जिल्हा मात्र अजून निजामाच्या मुठीत होता. तो सुटला १७ सप्टेंबरला. मुंबईच्या स्वातंत्र्याचे आणि आमच्या स्वातंत्र्याचे वय एक नव्हे, हे त्या खिडकीत उभे राहिले असता जितके जाणवले तितके पूर्वी कधी जाणवले नव्हते.

स्नानगृह पाहून वहिनी हरखल्या आणि काकू गंभीर झाल्या. पांढऱ्या शुभ्र टाकीत माणूस गळ्यापर्यंत बुडेल एवढे पाणी भरता येत होते. आमच्याकडील लोकांस पाणी मोजण्याची सवय आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लक्ष लिटर होते आणि ती पाहावयास माणसे रुळांच्या कडेला उभी होती. त्या उन्हाळ्यात आमच्या आडालाही तळ दिसत होता. काकूंनी खोलीत बादली मागविली, ती मिळाली, आणि त्यांनी आपले स्नान दीड बादलीत आटोपले. सुनेने विचारले, "काकूआजी, येथे कोण मोजणार आहे?" त्या म्हणाल्या, "मी."

दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरल्या. त्यानंतर काकू काय करितात याची आम्हां सर्वांस काळजी होती. खोली आवरावयास येणारा मुलगा मराठवाड्यातीलच निघाला. त्याने बोलता बोलता ओळखले की आजी बाहेरचे घेत नाहीत. त्याने कोणास काय सांगितले कोण जाणे, पण तासाभराने वरणभात, तूप, लिंबाची फोड आणि निराळ्या वाटीत दही असे ताट आले. वर कांदालसूण न घातल्याचा निरोप होता. काकूंनी त्या मुलाकडे निरखून पाहिले आणि विचारले, "तुझ्या घरी कोण कोण आहे?" आजी आहे, असे तो म्हणाला. काकू जेवल्या. आम्ही त्यांस जन्मात प्रथमच हॉटेलातील अन्न घेताना पाहिले, आणि कोणीही त्यावर अवाक्षर काढले नाही.

हे ताट कोठून आले, याचा उलगडा आम्हांस पुढे झाला. हॉटेलाच्या दालनात एक स्मारक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवाद्यांनी या इमारतीत शिरून तीन दिवस जो संहार केला, त्यात येथे प्राण गमावलेल्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांत पाहुणे आहेत तसे नोकरही आहेत. त्या रात्री मागल्या वाटा ठाऊक असूनही पुष्कळ नोकर पळाले नाहीत. त्यांनी पाहुण्यांना लपविले, बाहेर काढले, स्वतः आड उभे राहिले. व्यवस्थापकांची पत्नी आणि दोन मुले सहाव्या मजल्यावर मृत्यू पावली, तरी ते स्वतः इतरांना सोडविण्याच्या कामावर राहिले. पुढे हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारविषयक नियतकालिकात, डिसेंबर २०११ मध्ये, या वर्तनाचा शोध घेणारा एक लेख आला. त्यात म्हटले होते की, ही संस्था आपली माणसे महानगरांतून न घेता पुष्कळशी लहान शहरांतून आणि गावांतून निवडते, आणि निवडताना गुणपत्रिकेपेक्षा वडीलधाऱ्यांविषयीचा आदर, आनंदी वृत्ती व नोकरीची खरी गरज या गोष्टी पाहते. १५ ऑगस्ट २०१० रोजी जुना भाग दुरुस्त होऊन पुन्हा उघडला. परंतु दगडविटांच्या दुरुस्तीहून ही निवड आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली. आम्ही जो उंबरठा शोधीत होतो तो इमारतीत नव्हता. तो या पोरांच्या घरांतून आलेला होता.

संध्याकाळी आम्ही चालत काळ्या घोड्यापर्यंत गेलो. तेथे जुन्या वॉटसन हॉटेलाची इमारत आहे. तिचा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून येथे आणून उभारला होता, आणि ७ जुलै १८९६ रोजी हिंदुस्थानातील पहिला चलच्चित्रांचा खेळ तेथेच झाला. एके काळी ती मुंबईची मिरासदार खाणावळ. जमशेटजींस तेथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या रागाने त्यांनी ताजमहाल बांधले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिला पुरावा मात्र सापडत नाही. आज ती इमारत मोडकळीस आलेली आणि ओस आहे. दुसऱ्याच्या देशातून आणलेले लोखंड गंजले म्हणून ती पडली असे नव्हे. तिला आपले म्हणणारे कोणी उरले नाही म्हणून ती पडली. "आपला वाडा असाच होईल," पुतण्या हळूच म्हणाला. त्याला उत्तर कोणी दिले नाही, कारण ते सर्वांस पटले होते.

रात्री खोलीत बैठक बसली. पुतण्याने आपला बेत मांडला: दहा खोल्या, चौकात कारंजे, ओसरीवर पितळी समया, आणि भाडे शहरातल्यासारखे. यावर आम्ही त्यास एक प्रश्न केला. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून किती माणसे बैलगाडीत आणि ट्रकात संसार घालून ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे तो जाणतो. लाखांनी जातात. कारखान्याच्या फडात पाचटाच्या कोपीत सहा महिने राहतात. आपल्या घराला भाडे मोजणारा पाहुणा यावा, म्हणून आपण कारंजे उडवावयाचे, आणि शेजारच्या वाडीतील बाईने लेकरू पाठीशी बांधून कोपीत निजावयाचे, हे एका गावात शोभेल काय? पुतण्या म्हणाला, "काका, कारंजे नसले म्हणून ती कोपीतून परत येणार आहे का? तिला गावात काम मिळाले तर येईल." आमच्या प्रश्नापेक्षा त्याचे उत्तर अधिक खरे होते, हे कबूल केले पाहिजे.

काकू इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या पोराने मला ताट आणले त्याचे पैसे तुम्ही दिलेत ना?" पुतण्याने मान हलविली. "तरी त्याने आपुलकी केली. म्हणजे पैसे घेतले तरी आपुलकी करता येते, हे मी पाहिले. पण पैसे नसतील त्याला जेवण नाही, हे माझ्या दारात मी पाहणार नाही. दोन्ही सांभाळत असाल तर सही करते."

तेव्हा झालेला ठराव असा. वाडा विकावयाचा नाही. दहा नव्हे, चारच खोल्या दुरुस्त करावयाच्या. माळवद मातीचेच ठेवावयाचे आणि ते बडविण्याचे काम जाणणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली गावातील दोन तरुण शिकावयास घालावयाचे. स्वयंपाकास आणि झाडलोटीस फडावर जाणाऱ्या तीन घरांतील बायांना बारा महिन्यांच्या पगारावर ठेवावयाचे, म्हणजे त्यांची मुले शाळेतून उठणार नाहीत. खोलीचे भाडे ठरलेले राहील आणि ते दारावर लिहिलेले असेल. कारंजे रद्द. ढेळज मात्र पूर्वीप्रमाणेच खुली: उत्सवात कोणी वळकटी टाकील त्यास भाडे नाही, आणि दुपारच्या पंगतीस जो बसेल त्यास हिशेब नाही. या खर्चाची तोंडमिळवणी होईल की नाही, याविषयी थोरल्या बंधूंस अजून शंका आहे. पहिली दोन वर्षे पदरचे घालावे लागेल असा त्यांचा अंदाज आहे, आणि ते अंदाज सहसा बरोबर असतात. परंतु पाचही वाटेकऱ्यांनी आपापला वाटा घातला आहे आणि पश्चिमेच्या ओसरीचे काम सुरू झाले आहे.

एवढ्या थोर हॉटेलात राहून आम्ही काय आणले, असे कोणी विचारील, तर आम्ही घुमट आणला नाही, जिनाही आणला नाही. मोल घेऊनही मान राखता येतो आणि पाहुण्याची आवड न सांगता ओळखता येते, एवढे पाहून आलो. आणि ही विद्या अखेरीस आपल्याच माजघरातून तेथे गेलेली आहे, हेही पाहून आलो. जी घरे ही विद्या विसरतील, त्यांस ती पुढेमागे भाडे मोजून शिकावी लागेल.

वाचकांपैकी ज्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी आहे, त्यांनी येत्या मार्गशीर्षात कुलधर्मास अवश्य यावे. खोल्या चार आहेत, तेव्हा अगोदर पत्र टाकावे. पत्र टाकावयाचे राहिले तरी हरकत नाही. ढेळजेत जागा आहे, आणि दुपारचे पान काकू स्वतः वाढतील.